यंदा अक्षतेला जा

"काकू, यंदा अक्षतेला जा," डॉक्टर म्हणाले आणि फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

यांनी लगेच हात जोडले. मला काही बोलताच येईना. तेरा महिने हाच प्रश्न मनात घोळत होता. विचारला तर नाही म्हणतील या धाकानं मी तो अगदी शेवटाला ठेवला होता. आता उत्तर मिळालं, तर डोळ्यांतलं पाणी आवरेना.

सोलापूरच्या बाहेरच्यांना अक्षतेचं महत्त्व सांगायला हवं. संक्रांतीच्या सुमारास इथं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. सिद्धराम बाराव्या शतकातले. त्यांनी इथं तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, अशी कथा आहे. तेच लग्न दरवर्षी नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच काठ्यांच्या, रूपानं लागतं. पहिल्या दिवशी, १३ जानेवारीला, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करून येतात. १४ तारखेला दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच उंच नंदीध्वज तोलत येतात, आणि "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा गजर उठला की अंगावर काटा येतो. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हापासून अक्षता चुकली नव्हती. गेल्या वर्षी चुकली. आमचं घर बाळीवेशीत. नंदीध्वज निघाल्याचा आवाज घरात येत होता आणि मी भिंतीला टेकून पलंगावर बसले होते.

त्याच्या पाच आठवडे आधी मला हार्ट ॲटॅक आला होता.

मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. बावीस वर्षं झाली. चटणी उखळातच कुटायची हा माझा नियम आहे. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, तेल सुटत नाही. डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी असतात, म्हणून त्या दिवशी पहाटेच बसले होते. दुसरा घाणा कुटताना जबड्यात कळ आली. दाढ दुखतेय असं वाटलं. मग दोन्ही खांद्यांच्या मधोमध कोणी गुडघा रोवल्यासारखं झालं, मळमळ सुटली आणि थंडीचे दिवस असून पोलक्याची पाठ घामानं भिजली. छातीत दुखलं का असं नंतर सगळ्यांनी विचारलं. छातीत दुखलं नाही, नुसतं दडपल्यासारखं वाटत होतं. मी जिरं चावलं, लिंबूपाणी घेतलं. आठ वाजता एका दवाखान्यात गेलो. तिथं पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. कार्डिओग्राम काढला नाही, मीही मागितला नाही. साडेदहाला पुन्हा कळ आली, तेव्हा शेजारच्या पोरानं रिक्षा बोलावली आणि यांनी मला सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पाच मिनिटांत कार्डिओग्राम झाला, पाठोपाठ मनगटातल्या शिरेतून नळी घालून अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी बंद पडली होती. तिथं एक स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवला.

मधले ते काही तास मला अजून सलतात. माझ्याकडून चटणी नेणाऱ्या प्रत्येक बाईला मी आता सांगते: बाईमाणसाच्या हृदयाचं दुखणं कधी जबड्यात, कधी पाठीत, कधी नुसत्या दमानं किंवा मळमळीनं येतं. घाम फुटला, दम लागला, तर पित्त ठरवायच्या आधी कार्डिओग्राम काढा म्हणून आग्रह धरा. कोणी घाबरट म्हटलं तर म्हणू दे.

पैशांची एक गोष्ट इथंच सांगून टाकते. माझ्या दिरांना २०१५ मध्ये असाच औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवला होता, तेव्हा नुसत्या स्टेंटचेच लाखाच्या वर गेले होते. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा असा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. माझ्या बिलात स्टेंटची रक्कम वेगळी लिहिलेली पाहून दीर बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षाची तपासणी होती. आदल्या भेटीतच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की कोणती गोळी आदल्या दिवशी घ्यायची नाही, कोणती चुकवायची नाही, किती तास उपाशी राहायचं. ती चिठ्ठी फ्रिजला चिकटवलेली होती. रात्री झोप लागली नाही. पहाटे हे उठून बसलेले दिसले, हातात माझी वही. वर्षभर रोज सकाळी मशिनवर बीपी घेऊन यांनीच त्या वहीत लिहिलंय. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं मालाची नोंद ठेवलेला माणूस, आकडे कसे एकाखाली एक, रेघ मारल्यासारखे.

साडेआठला पोचलो. आधी रक्त दिलं. मग कार्डिओग्राम. तो दोन मिनिटांचा असतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत अंधार असतो. डाव्या कुशीवर वळवून, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. छातीवर गार जेली लावून यंत्र दाबत फिरवतात. वर्षापूर्वी मी त्या पडद्याकडे पाठ असल्याचं बरंच मानलं होतं. या वेळी मुद्दाम मान वळवून पाहिलं. करड्या रंगात एक पिशवी आवळत होती, सैल होत होती. मधली झडप एखाद्या पातळ फडक्यासारखी फडफडत होती. तपासणाऱ्या मॅडमनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला, घुस्स-टप्प, घुस्स-टप्प. उखळावर दोघीजणी समोरासमोर बसून आळीपाळीनं मुसळ टाकतात तेव्हा असाच ठेका बसतो. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. ठेका चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं. मी कान देऊन ऐकत राहिले. चुकला नाही.

"ही बघा काकू," मॅडम म्हणाल्या, "ही पुढची भिंत. मागच्या वेळी ही नीट हलत नव्हती. आज हलतीय." त्यांनी बोटानं पडद्यावर रेघ दाखवली. मला डॉक्टरीतलं काय कळणार, पण ती भिंत बाकीच्या भिंतींबरोबर आत येत होती एवढं मात्र माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं.

मग ट्रेडमिल. याची सगळ्यात भीती होती. लेकीचा पंजाबी ड्रेस आणि तिचेच कॅनव्हासचे बूट घालून गेले होते. छातीवर दहा ठिकाणी वायरी चिकटवल्या, दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एक डॉक्टर शेजारीच उभे असतात, हे पाहून धीर आला. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो आणि चढही वाढतो. पहिली तीन मिनिटं म्हणजे देवळात जाण्याइतकी चाल, ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात ताशी चार किलोमीटर, तेव्हा बोलताना थोडं थांबावं लागलं. तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाच आणि पायाखाली चांगला चढ. वयाप्रमाणे नाडी किती वर जायला हवी याचा ढोबळ हिशोब असतो: २२०मधून आपलं वय वजा करायचं आणि आलेल्या आकड्याच्या ८५ टक्के. मी सत्तावन्नची, म्हणजे साधारण १३९.

सातव्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या. पोरगेल्या वयाचे ते डॉक्टर विचारत होते, "छातीत काही? जबड्यात? चक्कर?" मी प्रत्येक वेळी क्षणभर आत डोकावून पाहायची आणि मान हलवायची. जबडा शांत होता. धाप लागली होती, पण ती चढ चढल्याची धाप होती. त्या पहाटेचा दम वेगळा होता. तेव्हा हवा आत जातच नव्हती. आता छाती भात्यासारखी चालली होती आणि हवी तेवढी हवा मिळत होती. दोन्हींतला फरक तिथं त्या पट्ट्यावर मला पहिल्यांदा नीट कळला. वर्षभर जिना चढताना दम लागला की मी मधल्या पायरीवर बसून देवाचं नाव घ्यायची. सात मिनिटं वीस सेकंदांनी नाडी १४२ झाली आणि त्यांनी पट्टा हळूहळू थांबवला.

डॉक्टरांच्या खोलीत जायला साडेबारा झाले. त्यांनी आधी यांची वही पाहिली. पानं उलटत गेले आणि म्हणाले, "काका, एवढी नीट वही माझ्याकडं कोणी आणत नाही." यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग इकोचा आकडा सांगितला. "पंपिंग पंचावन्न टक्के." ॲटॅकनंतर ते चाळीस होतं, सहा महिन्यांनी अठ्ठेचाळीस. मी न राहवून विचारलं, "शंभरातले पंचावन्नच?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काकू, शंभर कोणाचंच नसतं. हृदय भरलं की आवळताना त्यातलं सगळं रक्त बाहेर ढकलत नाही, निम्म्याहून थोडं जास्त ढकलतं. चांगल्या धडधाकट माणसाचंही पंचावन्न ते सत्तरच्या आसपासच असतं." म्हणजे वर्षभर मी जो आकडा नापास होता होता वाचल्यासारखा धरून बसले होते, तो मुळात शंभरातला नव्हताच. चाळीस हा आकडा मनात किती खोल रुतून बसला होता, ते तेव्हा लक्षात आलं. हे पहिल्याच दिवशी कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पेशंट आकडे घेऊन घरी जातो आणि रात्री छताकडे बघत तेच आकडे मोजत बसतो.

वाईट कोलेस्टेरॉल १४८ वरून ६२ वर आलं होतं. "सत्तरच्या खाली हवंच, अजून उतरलं तर चांगलंच. म्हणून ही रात्रीची गोळी बंद नाही." रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद केली. वर्षभर जरा कुठं लागलं की हाताला निळे-जांभळे डाग पडायचे, ते कमी होतील म्हणाले. दुसरी मात्र कायमची. "दात काढायचा असला, कुठलं छोटं ऑपरेशन असलं, तरी मनानं गोळी थांबवायची नाही. आधी मला फोन." हे त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा माझ्याकडे बघून, एकदा यांच्याकडे.

मग मी माझे प्रश्न काढले. कागदावर लिहूनच नेले होते. पहिला शेंगदाण्यांचा. वर्षभर लोक सांगत होते की शेंगदाणे म्हणजे विष, धंदाच बंद करा. डॉक्टर म्हणाले, "शेंगदाणे वाईट नाहीत. मूठभर खा. चटणीतलं मीठ बघा." दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. त्यात भाजीचं, आमटीचं, पापडाचं, लोणच्याचं सगळं आलं. गेल्या मार्चपासून मी चटणीत मीठ निम्म्यावर आणलंय आणि लसूण, जिरं वाढवलंय. गिऱ्हाइकं तुटली नाहीत. दुसरा प्रश्न उखळाचा. "एक घाणा कुटा, बसा, पाणी प्या. दुसऱ्याला दुसरी बाई घ्या." आणि शेवटचा अक्षतेचा. त्याचं उत्तर वर लिहिलंच आहे. त्याला त्यांनी एवढंच जोडलं की रेटारेटीत शिरू नका, कडेला बसायची सोय बघा, जिभेखालची गोळी जवळ ठेवा.

बाहेर आलो तर लख्ख ऊन पडलं होतं. जानेवारीतलं सोलापूरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. एप्रिलात याच उन्हाला आम्ही तोंड लपवून फिरतो. हे म्हणाले, "घरी कशाला? चल, फिरू आज."

आधी पोटाचं बघितलं. एका खानावळीत ज्वारीची भाकरी, मेथी, दाळ आणि दही घेतलं. मालकीणबाई ओळखीच्या निघाल्या. "अक्का, किती दिवसांनी! बसा की ओ निवांत," म्हणून तव्यावरची गरम भाकरी स्वतः आणून वाढली. पापड परत पाठवला. एक भाकरी खाल्ली आणि अर्धी मागून घेतली. वर्षभरात मी काही मागून घेतलं नव्हतं.

तिथनं भुईकोट किल्ल्यात गेलो. आत बाग आहे. दुपारी गर्दी नसते. कॉलेजची दोन-तीन पोरं, एक आजोबा नातवाला घेऊन, बस्स. झाडाखाली बसलो तर हे बाकावर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. रात्रभर वही घेऊन बसलेला माणूस. मी उठवलं नाही. नंतर तटावर चढलो. तिथून सिद्धेश्वरांचं तळं दिसतं आणि पाण्याच्या मधोमध देऊळ. वारा गार होता. होम मैदानाच्या बाजूला गड्ड्याच्या पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते, ठोकाठोकीचा आवाज तटापर्यंत येत होता.

देवळाकडे जाताना एक गोष्ट घडली. तळ्यातून देवळात जायच्या वाटेवर हे माझ्या पुढं निघून गेले. चार पावलं, मग दहा, मग वीस. लग्न झाल्यापासून हे असंच चालायचे, कारखान्याचा भोंगा चुकेल अशा घाईनं, आणि मी मागून हाका मारायची. गेल्या वर्षभरात हे माझ्या बाजूनं, माझ्याहून अर्धं पाऊल मागं चालत होते. मी पडले तर धरता यावं म्हणून. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आज त्यांना ते आठवलंच नाही. मी थोडा वेळ त्यांची पाठ बघत चालले आणि मग हाक मारली, "अहो, थांबा की!" त्यांनी वळून पाहिलं. एकदम थबकले, चेहरा उतरला, धावतच आले. "दम लागला का?" मी नाही म्हटलं. तुम्ही पुढं चाला, असंही म्हटलं. पण मग ते पुढं गेले नाहीत.

समाधीचं दर्शन घेतलं. दगडी फरशी पायाला थंडगार लागली. बाहेर कट्ट्यावर बसून पाण्यातले मासे बघत राहिलो. शेजारी एक बाई कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या. सिद्धरामांनी वचनं लिहिली ती कानडीतच. मला कानडी मोडकं-तोडकं कळतं, पण त्या सुराला काही कळायची गरज नव्हती. मी देवाकडे काही मागितलं नाही. नुसती हजेरी लावली.

परतताना चादरीच्या दुकानात शिरलो. वर्षभर आजारपणात पांघरलेली चादर मला नकोशी झाली होती. यांनी दहा चादरी उलगडायला लावल्या. खरी सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी बघायची असते, नक्षी तीच आणि रंग उलटे. यांनी काठ अंगठ्यानं घासून पाहिला, चादर हातावर तोलली, दुकानदाराशी धाग्यावरून वाद घातला आणि मरून रंगाची एक काढली. पिशवी मी उचलली. यांनी हात पुढं केला तर म्हटलं, राहू दे, जड नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत गल्लीत नंदीध्वजाचा सराव सुरू झाला होता. वीस-बावीस वर्षांची पोरं, कमरेला पट्टा, घामानं शर्ट चिकटलेले. एकानं तोलून घेतलं की दुसरा पुढं सरायचा. आम्ही रिक्षातून उतरून बाजूला उभे राहिलो. ओळखीचा एक पोरगा घाम पुसत आला. "काकू, यंदा येणार नव्हं?"

येणार म्हणून सांगितलं. आता थोरल्या बहिणीलाही फोन करून झालाय. ती अक्कलकोटहून आदल्या रात्रीच येते म्हणाली. चौदा तारखेला अकरालाच निघायचं ठरलंय, गर्दी व्हायच्या आत. घडीची खुर्ची हे घेणार आहेत. पाण्याची बाटली, अक्षता आणि गोळीची डबी माझ्या पिशवीत.